काचेतली पणजी

आमच्या वस्तीतली शिंपीण टेप वापरत नाही, म्हणून थट्टेने सगळे तिला टेपआत्या म्हणतात. माणूस दारातून आत येईतो तिच्या नजरेने त्याचं माप घेतलेलं असतं. चाळीस वर्षं शिवतेय, पण कुणाच्या अंगाला फीत लावलेली नाही. आमच्यात कुणी लावूच देत नाही.

परक्यांच्या राज्यात एका अधिकाऱ्याने आमची माणसं ओळीत उभी केली, त्यांची नाकं-कपाळं मोजली आणि वहीत लिहिलं, असल्या कपाळाचे लोक विश्वासाचे नसतात. राज्य गेलं, वही राहिली. तिच्या जोरावर तीन पिढ्यांना गोदामाच्या कामावर कुणी उभं केलं नाही. आत्याच्या पणजीच्या नाकात श्वासापुरत्या दोन नळ्या खुपसून त्याच अधिकाऱ्याने तिच्या तोंडावर प्लास्टर ओतलं, चेहऱ्याचा साचा काढला. तो प्लास्टरचा चेहरा शहराच्या संग्रहालयात आहे.

यंदा तिथून पत्र आलं, नातलगांनी चेहरा घेऊन जावा. आत्या सुनेला घेऊन तडक गेली.

काचेच्या कपाटात पणजी. डोळे गच्च मिटलेले. भुवईचे चार केस अजून प्लास्टरला चिकटलेले.

कारकून फीत घेऊन आला. "मावशी, बसा. नाक-कपाळ मोजतो. जुन्या नोंदीशी जुळलं की सही करा आणि न्या."

"कुणाचं नाक?"

"तुमचं. नातं सिद्ध करायला नको?"

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "छाती छत्तीस, डावा खांदा अर्धा इंच खाली, पोट यंदाच सुटलंय. सांगू सगळ्यांना ओरडून?"

सून फिसकन हसली. कारकून कानापर्यंत लाल झाला. "नियम आहे मावशी. मी काय करणार?"

"त्या वहीवाल्यालाही नियमच होता."

"मग चेहरा मिळायचा नाही."

सुनेचं हसू विरलं. "सासूबाई, द्या ना मोजू. एवढ्या जवळ आलोय."

आत्या काचेकडे वळली. "माझी आई दरवर्षी इथवर चालत यायची. हिला घरी न्यायचं म्हणत म्हणत गेली. मला काय न्यायचं नाही? पण मोजून दिलं, तर ती वही खरी ठरते गं."

तिने कारकुनाच्या हातातला कागद ओढला, मापाच्या रकान्यात 'देणार नाही' असं लिहिलं आणि कपाटाला पाठ लावून खाली बसली.

आज बारावा दिवस. पणजी अजून आतच आहे. पण तिला बघायला येणाऱ्यांना काही दिसत नाही. वस्तीतल्या बाया पाळीपाळीने काचेसमोर उभ्या असतात, खांद्याला खांदा लावून.