हौसाच्या नावापुढचा अंगठा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. नवरा गेला, त्याला माहीत नव्हतं. लेकीला वाटतं, आपली आई एकदम सरळ बाई — वाटू दे. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही, आणि ऐकून माझ्याबद्दलचं मत बिघडलं तर बिघडलं. फक्त एक आधीच बजावून ठेवते. शेवटी 'जाऊ द्या हो, वय होतं ते' असं मला म्हणायचं नाही. बावीस वर्षांची होते मी. आमच्याकडे बावीसच्या बाईला तेव्हा दोन पोरं असायची आणि ती खडी फोडायची.

आणि दुष्काळाचंही निमित्त नको. बहात्तर सालचा दुष्काळ सगळ्यांनाच होता. सगळ्यांनी काही मी केलं ते केलं नाही.

मी मूळची पारनेरची. वडील तालुका कचेरीत कारकून. नगरला मावशीकडे राहून बी.ए. झाले आणि तिथल्याच एका परदेशी मदतसंस्थेच्या ऑफिसात सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागले. नात आता त्याला इंटर्नशिप म्हणते. काम काय, तर संस्थेचं महिन्याचं पत्रक वेळेत बाहेर काढायचं. लिहिणारे वेगळे, टाइप करणारे वेगळे, छापणारे वेगळे — आणि या सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागणारी मी. पत्रक दोन भाषांत निघायचं. इंग्रजी विमानानं देणगीदारांकडे जायचं, मराठी आमच्या जीपमधून दुष्काळी कामांवर. तिथला हजेरी कारकून दुपारच्या सुट्टीत ते मोठ्यानं वाचून दाखवायचा, आपल्या लोकांची नावं आली की बायका हसायच्या.

प्रत्येक मजकुराच्या फायलीला एक चिठ्ठी टाचलेली असे. चिठ्ठीवर चौकटी. लिहून झालं की सही, साहेबांनी पाहिलं की सही, मास्तरांनी मराठी केलं की सही, प्रुफं तपासली की माझी सही. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, इंग्रजीचं मराठी तेच करायचे. आणि या सगळ्यांच्या वर एक चौकट होती — अंगठ्याची. हा साहेबांचा नियम. ज्याचं बोलणं पत्रकात येणार, त्याच्याकडे परत जायचं, लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं, त्याला पटलं तर अंगठा घ्यायचा. त्याशिवाय फाईल पुढे सरकायची नाही. साहेब परदेशी, मराठी मोडकंतोडकं बोलायचे, पण नियम चांगला होता. त्या नियमाला मी नावं ठेवणार नाही.

आता तिच्याबद्दल. तिचं खरं नाव लिहीत नाही — एकदा छापलं तेवढं पुष्कळ झालं. हौसा म्हणू. पाथर्डी तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामावर ती खडी फोडत होती. नवरा दुसऱ्या कामावर, लांब. बरोबर दोन पोरं आणि म्हातारी सासू. म्हातारीला काम होत नव्हतं, ती पालापाशी पोरं सांभाळत बसायची. संस्थेची सुकडी, म्हणजे पोटाला आधार म्हणून दिलं जाणारं भाजक्या पिठागुळाचं खाणं, माणशी वाटली जायची, आणि घरातल्या सगळ्यांचा वाटा हौसाच आणायची.

दर गुरुवारी जीप जायची, तिच्यातून मीही अधूनमधून जायचे. मुलाखती घ्यायची मला हौस. हौसाशी माझं चांगलं जमलं. माझ्या हातातलं घड्याळ-बिड्याळ बघून ती चेष्टा करायची, म्हणायची, "ताई, तुमी लई शिकलेल्या, पर हातोडा दिला तर बोट फोडून घ्याल." मी हसायचे. मग एके दिवशी, काही विचारलं नसताना, ती दगडावरची नजर न काढता बोलली. म्हणाली, म्हातारीचा वाटा तीनदा पोरांला घातला. म्हातारीला सांगितलं, आज सुकडी आलीच न्हाई. म्हातारी पाणी पिऊन निजली. "पोरं रडत्यात वो. म्हातारी रडत न्हाई. म्हनून." आणि मग माझ्या वहीवर हात ठेवून म्हणाली, "हे लिवू नका बरं का."

मी लिहू नका म्हटलेलं लिहिलं.

का? चांगलं होतं म्हणून. दुसरं काय? कित्येक महिने आमच्या पत्रकात तेच ते चाललं होतं — इतक्या विहिरी, इतकी पोती, लोक समाधानी. आणि या आठ इंग्रजी ओळींत असं काही होतं की साहेबांनी वाचून चष्मा काढून ठेवला. म्हणाले, अंगठा आणा, हे पहिल्या पानावर घेऊ. पहिल्या पानावर — माझं.

पुढच्या गुरुवारी मी फाईल घेऊन गेलेही. हे ऐका, कारण इथेच माझी पळवाट बंद होते. विसरले नव्हते, जीप चुकली नव्हती, वेळ नव्हता असंही नाही. हौसाच्या शेजारी मी अर्धा तास बसले. पिशवीत तो कागद आणि शाईचा पॅड. पोरांचं विचारलं, म्हातारीचा खोकला विचारला. कागद बाहेर काढला नाही. वाचून दाखवला असता तर ती नको म्हणाली असती — हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि विचारलंच नाही तर ती नको कशी म्हणेल? दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी माझा अंगठा पॅडवर दाबला आणि चिठ्ठीवर उमटवला. बाजूला सुरेख अक्षरात लिहिलं — हौसाबाई हिची निशाणी अंगठा. वडिलांच्या कचेरीत असे कागद लहानपणापासून पाहिलेले.

मनाशी म्हटलं, इंग्रजीतच तर जाणार आहे. कुठल्या परक्या देशातली कुणी बाई वाचेल, तिला कुठली हौसा माहीत? पण आमच्या कामाची रीत मीच रोज चालवत होते आणि मीच ती विसरले. अंगठ्याची चौकट भरली की मजकूर दोन्ही भाषांना मोकळा. मास्तर अंगठा बघायचे आणि कामाला लागायचे. त्यांनी ते मराठीत केलं, नाव घातलं, गाव घातलं, मन लावून केलं. छापखान्यातून प्रुफं आली तेव्हा मला कळलं.

तेव्हा तरी थांबवता आलं असतं की नाही? आलं असतं. तेवढ्या ओळी काढा म्हणून सांगायचं, छापखाना एक दिवस थांबला असता. मास्तरांनी विचारलं असतं, का हो? आणि मला सांगावं लागलं असतं. मी तो मजकूर दोनदा वाचला. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो घातला. खाली सही केली.

अंगठा लावला तेव्हा मी हावरट होते. सही केली तेव्हा भित्री. दोन्हींतलं वाईट कोणतं ते तुम्ही ठरवा, मी ठरवून बसलेय.

पत्रक कामावर गेलं आणि कारकुनानं दुपारच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं. म्हातारी तिथेच बसलेली होती.

चार दिवसांनी हौसा नगरला आली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीत बसली असेल. साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली, पत्रकाची घडी हातात. भांडायला आली नव्हती ती. तिचं एकच म्हणणं होतं. "म्हातारी माझ्या हातचं खाईना झालीय. वाटा समोर ठेवला तर म्हनती, तुझ्या पोरांला घाल. तुमच्यातलं कुनीतरी या आन् तिला सांगा, का हे छापनाऱ्यानं चुकून घातलं. तुमचं ती ऐकंल. मी तर अंगठा दिलाच न्हाई."

साहेबांना अर्धंच कळलं असेल. मास्तरांनी बाकीचं सांगितलं. साहेबांनी फाईल मागवली. मीच आणून दिली. चिठ्ठीवर अंगठा होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं — तू वाचून दाखवलंस?

मी म्हटलं, हो. दाखवलं. विसरली असेल.

हौसा म्हणाली, "मग घ्या आत्ता माझा अंगठा. लावून बघा." पॅड पुढे ओढून तिनं स्वतःच लावला. काय उमटलं? नुसता शाईचा डाग. रेघ म्हणून नाही. महिनोन्‌महिने खडी फोडून तिचा अंगठा गुळगुळीत झाला होता. आणि चिठ्ठीवरच्या अंगठ्याची एकेक रेघ मोजून घ्यावी. मास्तरांनी प्रुफं बघायचं भिंग काढलं, एकदा हे पाहिलं, एकदा ते पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतला नाही. तशीच उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, अंगठा घेऊन महिना झाला. तेव्हा ठीक होता. खडीनं आता झिजला."

इतकं पटकन सुचलं मला. तिच्या हाताचे जे हाल झाले होते, तेच मी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून दिले.

साहेबांनी मान हलवली. इतक्या महिन्यांत माझी एक फाईल उशिरा गेली नव्हती, माझ्यावर अविश्वास कशाला ठेवतील? ते हौसाला म्हणाले, वाईट वाटतं, पण अंगठा दिल्यावर संस्था खोटं सांगू शकत नाही. मास्तर गप्प बसले. का बसले ते त्यांचं त्यांना माहीत, त्यांच्या खांद्यावर माझं ओझं टाकायचं नाही मला.

हौसानं ते पत्रक टेबलावर ठेवलं. दारापर्यंत गेली आणि वळून मला म्हणाली, "ताई, तुमाला तर खोटं चांगलं जमतंय की. म्हातारीपुढं एकदा बोलला असता, तर काय झालं असतं?" आवाज चढवला नाही. मी फाईल उचलून जागेवर ठेवली.

बोलायचं तर जमलं असतं. पुढच्या गुरुवारी जीप गेली, मागचं बाक रिकामं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेली. मी ऑफिसात बसून पुढच्या अंकाची प्रुफं तपासली.

तिसऱ्या गुरुवारी ड्रायव्हर परत येऊन म्हणाला, त्या पत्रकातल्या बाईची सासू गेली. शेवटपर्यंत सुनेच्या हातचं तोंडात घेतलं नाही. शेजारची एक बाई थोडं भरवायची तेवढंच. वय झालं होतं, आधीच खंगलेली होती, असंही म्हणतात लोक. म्हणोत. मला त्यातला एकही शब्द माझ्या बाजूनं वापरायचा नाही.

नंतर मी खूप वर्षं छापण्याच्याच कामात होते. माझं नाव झालं, सत्कार झाले, लोक म्हणाले बाईंच्या हातून चुकीचा शब्द जात नाही. मी ऐकून घेतलं. हौसाला शोधलं नाही. शोधून काय, माफी मागायची? आणि मग तिनं काय करायचं, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं? तेवढं तरी तिच्या गळ्यात घालणार नाही. तुमच्याही नाही.

राहिलं एक, तेही सांगून टाकते. म्हातारी गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात उमेदवारी संपून मला नोकरीत कायम केलं. पहिल्या पानावरचा तो मजकूर परदेशात फार आवडला होता. मी ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी घेतला, टायपिस्टनं घेतला, ड्रायव्हरनं दोन घेतले. मास्तर नको म्हणाले. त्यांच्या वाट्याचा मी खाल्ला.