बाबांच्या शर्टातली परकी टीप

टेपताईला नुसत्या नजरेने माप घेता यायचं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत ही आतून ओरडायची, "छाती बेचाळीस! आणि अडतीस सांगू नका, वाकलात की शिवण बोंबलेल!" गळ्यात सदानकदा टेप, म्हणून नाव टेपताई. असल्या बाईचा बाप तिच्या नाकासमोर झिजत झिजत गेला आणि तिला पत्ता नाही, हे सांगून कुणाला खरं वाटेल?

बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते. घरात माणसंच माणसं. आत्याची रेकॉर्ड चालूच होती, "मी काय म्हणते, माणूस सोन्यासारखा! मी काय म्हणते, त्याचे कपडे तरी आवरा गं!"

म्हणून टेपताई कपाटापुढे बसली. निळा शर्ट उलटा केला आणि तिचा हात थांबला. बगलेपासून खालपर्यंत, तिच्या शिवणीच्या आत, दुसरी टीप होती. दोरा तिच्याच दुकानातला, पण टाका हातभर लांब आणि वळणावर झोकांड्या खाणारा. पांढऱ्या शर्टालाही तेच. चारही शर्टांना तेच.

असला टाका गल्लीत एकच माणूस घालायचा. लांबटाके मास्तर, गल्लीतला दुसरा शिंपी आणि तिचा हाडवैरी.

पायात मिळेल ती चप्पल सरकवून ती निघाली आणि शर्ट त्याच्या मशीनवर आपटला. "हे काय?"

मास्तरने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "हे बघ पोरी, तुझे बाबाच यायचे. दर महिन्याला. म्हणायचे, 'मास्तर, थोडा आत घ्या. शर्ट लोंबला की पोरगी ओळखेल.' दोरासुद्धा तेच आणायचे, खिशातून."

"आणि तुम्ही घेतलात आत!"

"आजारी माणसाला नाही कसं म्हणू? शिवाय तुझी आई बरोबर असायची की!"

आई! टेपताई घरी कशी पोचली ते तिलाच ठाऊक नाही.

"आई, कधीपासून माहीत होतं?"

आई भिंतीशी बोलली. "सात महिने."

"दादा, तुला?"

दादाने चहाच्या कपात तोंड खुपसलं. "अगं, सांगणारच होतो. पण तुझ्याकडे शाळेचे तीनशे गणवेश. बाबाच म्हणाले, तिचा हात थरथरायला लागला तर काम हातचं जाईल. तुझ्या भल्यासाठीच गं."

"भलं!" टेपताई म्हणाली. "ते दुकानाच्या मागच्या खोलीत खोकायचे आणि मी म्हणायचे, बाबा, जरा हळू, माझी टीप चुकते."

ती माणसाकडे बघायची ती खांद्याखाली. चेहरा शेवटचा नीट कधी पाहिला, तिला आठवेना.

"मी काय म्हणते..." आत्याने सुरुवात केली.

"आत्या, तुम्हालाही माहीत होतं?"

आत्या जन्मात पहिल्यांदाच 'मी काय म्हणते' विसरली आणि शर्टांच्या घड्या घालायला लागली.

टेपताईने गळ्यातली टेप काढली. "आई, उभी राहा."

"आत्ता? कशाला?"

"तुम्ही सांगाल त्यावर माझा विश्वास नाही आता. दर महिन्याला माप घेणार. मी, माझ्या हाताने. हात वर कर."

लोकांदेखत आई मुकाट उभी राहिली. टेप छातीभोवती आली तशी तिने हळूच श्वास भरून घेतला.

"फुगू नकोस," टेपताई म्हणाली. "खरं माप दे."