घोड्यानं तोंड फिरवलं

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर असं की आमची मुलगी म्हणते, "आई, हा कागद औषधाच्या दुकानात दिला तर गोळ्या मिळतील."

मोबाईलवर लोकांचे असले अनुभव मी वाचते आणि हसते. भूत, करणी, अंगात येणं... मला यातलं काहीच पटत नाही. येडगावला धरणाच्या कडेनं एकटी ये-जा करते, कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहिते आहे, कारण बाहेर कुणाजवळ बोलता येत नाही आणि पोटातही राहत नाही.

मी जुन्नरला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. आधी झाडलोट करायचे, फ्लेक्सला रिंगा ठोकायचे. मग बघून बघून कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिकले. इंग्रजी येत नाही, पण बटणावरच्या चित्रावरून कोणतं काय ते कळतं. फोटो खाली ठेवून त्याला कुलूप लावायचं, म्हणजे तो हलत नाही. मग पेन घेऊन त्याच्या कडेनं एकेक टिंब देत जायचं. त्या टिंबाला नोड म्हणतात. नोडला दोन दांड्या फुटतात, दांडी ओढली की रेष वळते. नवीन माणूस पावलापावलाला टिंब देतो आणि रेष खडबडीत होते. नोड कमी असले की रेष पाण्यासारखी जाते. मला हे काम फार आवडतं. यात कुणाशी बोलावं लागत नाही.

गेल्या वर्षी महाळुंगे पडवळहून संतोष नावाचे एक पाव्हणे आले. टेम्पो चालवतात. पूर्वी त्यांच्याकडे मेंढरं होती. त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी त्यांच्या पणजोबांचा टाक आहे, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, घोड्यावर बसलेला. चिंचेनं घासून घासून तो झिजला, एका बाजूनं चिरला. तसाच नवीन करायचा होता. पण त्यांच्यात रीत अशी की देव घराच्या उंबऱ्याबाहेर काढायचा नाही. म्हणून त्यांनी मोबाईलमध्ये फोटो काढून आणला होता.

फोटो धुरकट होता. घोड्याचं तोंड उजवीकडे, स्वाराच्या हातात काठी, चेहऱ्याच्या जागी नुसता उंचवटा. मी तो मोठा करून दोन दिवस बसले. काठी, पागोटं, घोड्याचे पाय. रेषेचं टोक उघडं राहिलं तर कोरायची मशीन तिथं अडखळते, म्हणून सगळे नोड जोडून घेतले.

शेवटचं काम मिररचं. पितळेच्या साच्यात पत्रा दाबला की चित्र उलटं उठतं, म्हणून साच्यासाठी ते आधीच उलटं करून द्यायचं असतं. मी मिरर मारला. घोड्याचं तोंड डावीकडे गेलं. दुकानाच्या शेठनीही पाहिलं, म्हणाले, "झ्याक. सेव्ह कर." मागच्या खोलीतली मशीन त्यांनीच चालू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी साच्यात तांब्याचा पातळ पत्रा दाबून पाहिला. फोटोतला घोडा उजवीकडे बघत होता. पत्र्यावरचा डावीकडे!

"काय मॅडम," शेठ म्हणाले, "मिरर मारायचा राहिला व्हय? देवालाच उलटा घोडा दिलास!"

मारला होता, तुम्हीच बघितलं होतं, असं म्हणायचं होतं मला. नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

पितळ महाग. दुसरी पाटी पुण्याहून यायला वेळ लागणार होता, आणि पाव्हण्यांच्या घरी दुसऱ्याच दिवशी देव बसवायचे होते. पगाराचा दिवस होता. शेठनी पितळेचे पैसे कापून उरलेले माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "उद्यापासून रिंगा ठोक. कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई."

पैशाचं वाईट वाटलं, पण त्याहून ते दुसरं वाक्य लागलं. मी मशीनच्या खोलीत जाऊन उगाच भुसा झाडत बसले.

शेठनी फोन केला होता. दुपारी संतोषभाऊ आले, बरोबर त्यांची आजी. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात काठी. शेठ चाचरत म्हणाले, "आजी, जरा चूक झालीय. आमच्या बाईकडून घोडा उलटा..."

"दाव आधी."

आजींनी तो तांब्याचा पत्रा हातात घेतला, दारात उजेडाला नेला. मी खोलीच्या दाराआड उभी. मग त्यांनी पत्रा कपाळाला लावला.

"कोण म्हनतं उलटा? ह्योच माझा सासरा! देवाकडं तोंड करून बसतो त्यो. पलीकडं बघाया लागला तर खंडोबाला पाठ व्हईल न्हवं!"

"आजे, फोटोत उजवीकडं हाय की," संतोषभाऊ म्हणाले.

"तुझ्या फोटोला घाल चुलीत. रोज मी घासते का तू?"

शेठनी फोटो कसा काढला ते विचारलं. संतोषभाऊ म्हणाले, "मागच्या कॅमेऱ्याची काच फुटलीया शेठ, म्हून सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढला." शेठनी तोच मोबाईल घेऊन तसाच दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. सगळी अक्षरं उलटी! म्हणजे फोटोच उलटा होता. मी बरोबर काम केलं असतं, तर टाक चुकला असता.

आजी आत आल्या, माझी हनुवटी धरली. "तूच काढलंस व्हय पोरी? लई गुणाची." मला रडूच आलं. आजी हसायला लागल्या, "आगं, आता का रडती? रडायचं व्हतं ते शेठनं!"

इथवर ठीक होतं. मिरर राहिला असेल आणि नशिबानं जुळलं, असं म्हणून मीही सोडलं असतं. पण त्याच साच्यात चांदीचा पत्रा दाबून ते घेऊन गेल्यावर मी कॉम्प्युटरवर फाईल उघडली. घोड्याचं तोंड डावीकडे. मिरर मारलेलाच होता. शेठ उठले, मशीनला प्लायचा तुकडा लावला आणि तीच फाईल पाठवली. प्लायवर घोडा डावीकडे बघत होता, स्क्रीनवर होता तसाच. शेजारी पितळेचा साचा, त्यात उजवीकडे. फाईल एक, मशीन एक.

शेठनी दोन्हींवरून बोट फिरवलं. "कुणाला बोलू नको," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बिचकंल."

नंतर एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला शेठनी सहज म्हणून विचारलं. असं होऊच शकत नाही, म्हणाला. नवरा म्हणतो, तुझा काहीतरी घोळ. घोळ असेल तर तो शेठच्याही डोळ्यांचा असला पाहिजे. मला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू का, शोधावंसंही वाटत नाही. भीती वाटली नाही, उलट मोकळं वाटलं... कुणीतरी माझी बाजू घेतल्यासारखं.

आजी येऊन गेल्या त्या संध्याकाळी दुकान बंद करताना शेठनी मला थांबवलं. "उद्या लग्नाच्या पत्रिकेचं काम हाय, लवकर ये. कॉम्प्युटरवर तूच बस," म्हणाले, आणि कापलेले पैसे सगळेच्या सगळे परत दिले.