डॉक्टरीणबाईंच्या वहीतलं माझं पान

१९८७ साल. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो आणि सारसोळ्याच्या खाडीत माझ्याइतकी सरळ होडी कुणी नेत नव्हतं. हे मी नाही, गाव म्हणायचं.

त्या साली जाळं बांधायच्या एका खुंटाचे मला दोन खुंट दिसायला लागले. दोर टाकला तो नसलेल्या खुंटावर. होडीतला चुलतभाऊ म्हणाला, "काय रं, सकालीच घेतलीस काय?" त्याला शिवी घातली आणि एक डोळा मिटून दोर बांधला. पुढे रोजच मिटावा लागला.

मग डोळे पुढे यायला लागले. ज्याच्याकडे बघेन त्याला वाटायचं मी वटारतोय. दुपारी आडवा झालो तरी पापण्या पुऱ्या मिटत नव्हत्या. एकदा जागा झालो तर बायको माझ्या नाकाशी हात धरून बसलेली. म्हणाली, "अवो, असं मेल्यावानी नका झोपू." ती हसली नाही, मीही नाही.

वाशीच्या डॉक्टरने गळा चाचपला, थायरॉइडचं दुखणं आहे म्हणाला आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. सोबत थोरला भाऊ आला. बाप लवकर गेला, त्यानेच मला वाढवलेलं. लग्न होऊन पोरं झाली तरी त्याच्यासमोर मी खाटेवर बसत नव्हतो. विडी तर लांबच. तो वाटेत दिसला की जळती विडी मुठीत विझवायचो.

तिथली डॉक्टरीणबाई अशाच डोळ्यांवर शोध करत होती. दर पेशंटचं तिच्या वहीत एक पान. पट्टीसारखं यंत्र लावून डोळे किती पुढे आलेत ते मोजायची, फोटो काढायची, मग प्रश्न.

"मामा, विडी-सिगरेट ओढता?"

भाऊ शेजारीच उभा. "नाय," मी म्हणालो. तिने लिहून घेतलं.

असं का होतं, ते मी विचारलं. ती म्हणाली, "अंग आपल्याच अंगावर उलटतं. डोळ्यामागचं मांस सुजतं आणि डोळा पुढे ढकलतं. पण मुळात ते उलटतं का, हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही." एवढी शिकलेली बाई असं म्हणाली, मग आपण कुणाला विचारायचं?

तिने सूज उतरायला दिलेल्या गोळ्यांनी तोंडच सुजलं, भूक वाढली. डोळे तसेच. तिसऱ्या महिन्यात तिने बाटलीचं लाल झाकण समोर धरलं. डाव्या डोळ्याला लाल दिसलं, उजव्याला चिखलाच्या रंगाचं. तिने एकेक डोळा झाकून पुन्हा तपासलं. मग म्हणाली, "डोळ्याची नस दाबली जातेय. परवा भरती व्हायला या. कदाचित डोळ्याच्या खोबणीचं हाड काढून जागा करावी लागेल. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही."

खाडीत मी दोनदा बुडता बुडता वाचलोय. तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो.

ती वही चाळत होती. "ओढणाऱ्यांचे डोळे जास्त बिघडतात, असं मला दिसतंय. न ओढणाऱ्यांना गोळ्या बऱ्या लागू पडतात. तुम्ही एकटेच उलटे निघालात, मामा. तुमच्या पानाशी माझा अंदाज अडतोय."

भाऊ छाती काढून म्हणाला, "आमच्या घरान कोनी विडी तोंडाला लावत नाय, बाई."



परतताना बसमध्ये त्याने माझा हात धरला होता, लहानपणी धरायचा तसा. खरं सांगावं तर त्याचा शब्द बाईसमोर खोटा पडतो. न सांगावं तर बाई चुकीच्या पानावरून इलाज करणार, डोळा जातो. आणि उद्या माझ्यासारखाच कुणी येईल, त्याला माझं पान बघून सांगतील, ओढ बाबा, विडीचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता पहिल्या बसने एकटाच गेलो. दार उघडायच्या आधीपासून बाकावर बसून राहिलो. बाई आली तसा उठलो.

"बाई, माझं पान काढा. बाराव्या वर्षापासून ओढतो. दिवसाला दोन बंडलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भाऊ उभा होता."

तिने वही उघडली. आधीचं खोडलं, नवीन लिहिलं. मला वाचता येत नव्हतं, तरी ती लिहीपर्यंत मी समोरून हललो नाही. मग म्हणालो, "आता काय कापायचं ते कापा. फकस्त भाऊ आला की हे मोठ्यानं वाचू नका."