आक्काच्या नावाचं रिटर्न

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, आणि ज्याच्यासोबत तीस वर्षं रोज चहा पितो त्या मित्राच्याही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या तोंडासमोर नाही. पण एक — मध्येच मान हलवून ‘चालायचंच’ म्हणू नका. मला ते ऐकायचं नाही.

आष्टीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच रांगेत चार गाळे भाड्याने दिलेले. भाडं वर्षानुवर्षं रोख यायचं. या खिशातून त्या खिशात. मग भाडेकरू फोनवरून पैसे टाकायला लागले. रागावून बघितलं, कुणी ऐकेना. त्या साली रिटर्न भरून देणाऱ्या सल्लागाराने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या पॅनखाली बँकेचं व्याज, प्लॉटचा व्यवहार, सगळं आधीच येऊन बसलेलं.

“शेठ, आता सगळं ऑनलाइन दिसतं,” तो म्हणाला. “गाळ्यांचं भाडं नीट दाखवा. करारनामे, पावत्या तयार ठेवा.”

मला त्याचा राग आला. पोर्टलचा आला, भाडेकरूंचा आला. मी कमावलं ते कुणी का बघावं? — असा तो राग. कर भरून मी रस्त्यावर आलो असतो का? नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही माझ्यासाठी अडचणी शोधत बसणार नाही.

मला एक थोरली बहीण आहे. आक्का. चकलांब्याला दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. चार शेळ्या, आणि सरकारकडून निराधार बायांना महिन्याला मिळतो तो पैसा — गावात त्याला पगार म्हणतात. तिचं पॅनकार्ड मीच काढून दिलेलं. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून आधारला, पॅनला, सगळीकडे नंबर माझा. आष्टीच्या बँकेत तिच्या नावाने आणखी एक खातं उघडायचं होतं तेव्हा तिला बोलावून घेतलं. ती आली, कागद पुढे केले, तिने कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं ते मी तयार ठेवलं होतं.

दोन गाळे आक्काच्या वाट्याचे आहेत, असं मी सल्लागाराला सांगितलं; त्यांचं भाडं तिच्या त्या खात्यात पडणार, आणि तेवढ्यावर तिला कर बसणार नव्हता. त्याने विचारलं, त्यांना ठाऊक आहे ना? मी म्हणालो, आहे. तिच्या नावाचं रिटर्न तयार झालं. माझ्या फोनवर ओटीपी आला, मी सहा आकडे वाचून दाखवले. झालं. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यालो.

दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी आक्काचा पगार बंद झाला.

असं होईल हे मला ठाऊक नव्हतं — असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. खोटं आहे ते. सल्लागाराने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, त्यांना कुठला सरकारी पगार-बिगार तर नाही ना, नाहीतर बंद पडेल. मी नाही म्हणालो. म्हणताना जीभसुद्धा अडखळली नाही.

आक्का एसटीने दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, मी खिळे तोलत होतो.

“बापू, माजा पगार कावून बंद झाला रं? तहसीलात म्हणत्यात, तुला लई उत्पन्न हाय. मला कुठलं आलं उत्पन्न?”

तेव्हा सांगता आलं असतं. गिऱ्हाईक गेल्यावर, चहा पाजून, हळूच. त्याऐवजी मी तिच्यावर ओरडलो. चार माणसांत. कुणाकुणाला कार्डं देत फिरतीस, अक्कल हाय का तुला — असं थोरल्या बहिणीला बोललो. ती गप्प उभी. तिचं ते गप्प राहणं मला सहन होईना, की मला नुसता सुटायचा रस्ता हवा होता? मी म्हणालो, “ती तुमच्या गावातली ऑनलाइनवाली कोण? तिनंच तुझ्या कार्डावर कायतरी केलं असंल.”

ती म्हणजे सुरेखा. पस्तिशीची बाई. घराच्या पुढच्या खोलीत संगणक मांडून गावाचे फॉर्म भरायची, सातबारे काढून द्यायची. आक्काचा हयातीचा दाखला ती दरवर्षी पैसे न घेता करून द्यायची. हे मला माहीत होतं. आक्कानेच कौतुकाने सांगितलं होतं.

आक्का परत गेली ती थेट सुरेखाच्या दारात. शिव्या दिल्या, पदर पसरून तळतळाट दिले. गाव जमलं. मग ज्याचं ज्याचं काही अडलं होतं, त्याला त्याला ते सुरेखानेच अडवलंय असं वाटायला लागलं. तिच्याकडे कुणी फिरकेना.

आठवड्याभराने सुरेखा आष्टीला आली. एकटीच. मला वाटलं रडेल. रडली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मामा, मावशीचं रिटर्न भरलेलं हाय. पोर्टलवर नंबराचे शेवटचे आकडे दिसत्यात. ते तुमचे हायत.”

मी दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना.

“मी कुणाला सांगणार न्हाई. तुमी फक्त मावशीला येवढं सांगा, की ते सुरेखानं केलं न्हाई.”

एवढंच मागत होती ती. आणि मी काय म्हणालो? — हेच, हेच मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाकीचं कदाचित कधीतरी बोललो असतो. मी म्हणालो, दुसऱ्याच्या पॅनमध्ये डोकावलीस, उद्या तक्रार करतो, सेंटरला सील लागंल, आत जाशील. आणि बाईमाणूस एकटी दुकानात येऊन बसतीस, तुझ्या नवऱ्याला बोलावून घेऊ का?

शेवटचं वाक्य बोलताना मी आवाज चढवला नव्हता. तिचा चेहरा कसा उतरला ते मी पाहिलं, आणि — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं. ती उठली, चप्पल घातली आणि गेली. महिन्याभरात तिच्या नवऱ्याने संगणक विकला.

पुढच्या वर्षी मी गाळे परत माझ्या नावावर दाखवले, मागचं भाडंही उघड करून दंडासकट कर भरला. तहसीलात हेलपाटे घातले, आक्काचा पगार चालू करून घेतला. सल्लागाराने सगळे कागद नीट लावले. काही जड गेलं नाही. आक्का गावभर सांगत सुटली, माझ्या बापूनं पगार चालू केला. मी तिला सांगू दिलं.

यंदा उन्हाळ्यात चकलांब्याला गेलतो. आक्कासोबत शेताच्या कडेने चाललो होतो. बांधालगतच्या भुईमुगात बाया खुरपत होत्या. आक्का थांबली आणि त्यांतल्या एकीकडे बोट करून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ती बघ. तीच ती. माजा पगार खाल्लेली.”

सुरेखाने वर पाहिलं. माझ्याकडे. आक्काकडे नाही.

आम्ही तिघंच समोरासमोर होतो. बाकीच्या बाया पुढे सरकल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

मी आक्काचा दंड धरून तिला पुढे चालवत म्हणालो, “सोड आक्का. असल्यांच्या तोंडी लागू न्हाई.”