अविश्वास ठरावाची सहल

आमच्या सरपंचबाईंना खाली खेचायचं ठरलंय हे मला कळलं, तेव्हा त्या कागदावर माझी सही होऊन गेली होती. मी भाकरी थापत होते. हे घरात आले, कागद पुढे धरला आणि म्हणाले, "इथं सही कर." पंचायतीचे असे कागद अधूनमधून यायचेच. मी पिठाचा हात पुसला आणि सही केली. कागद घडी करून खिशात घातल्यावर यांनी सांगितलं, "सरपंचावर अविश्वास टाकतोय आपण."

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

"आपण म्हणजे आपण," असं म्हणून ते बाहेर गेले.

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी ग्रामपंचायतीची सदस्य होते. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून यांच्या जागी मी उभी राहिले. बॅनरवर यांचा फोटो मोठा होता आणि माझा कोपऱ्यात. निवडून आले तेव्हा गुलालही यांच्याच अंगावर पडला. मीटिंगला आम्ही बाया दाराजवळ सतरंजीवर बसायचो आणि खुर्च्यांवर आमचे नवरे. नऊ सदस्यांत पाच बाया निवडून आल्या होत्या, पण मीटिंगमध्ये बाईचा आवाज यायचा तो चहा कुणाला हवा एवढं विचारण्यापुरता.

सरपंचबाईंचंही पहिलं वर्ष असंच गेलं. मग त्यांच्या नवऱ्याचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला. तो खाटेवर पडला आणि बाई एकट्या ऑफिसात येऊ लागल्या. ग्रामसेवकाला प्रत्येक गोष्ट दोनदोनदा विचारायच्या. समजली नाही तर तिसऱ्यांदा विचारायच्या. नवरा बरा होऊन काठी टेकत परत आला, तेव्हा त्या सरपंचाच्या खुर्चीतून उठल्या नाहीत. बाजूची खुर्ची दाखवून म्हणाल्या, "इथं बसा ना." त्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता.

तिथपर्यंत लोकांनी चालवून घेतलं असतं. भांडण पेटलं ते स्टँडजवळच्या जागेवरून. केळीच्या हंगामात तिथं गाड्या लागतात. घडाच्या फण्या सुट्या करायच्या, धुवायच्या आणि खोक्यांत भरायच्या, हे काम सकाळपासून बाया करतात. त्या बायांना दिवसभर आडोसा म्हणून नाही. जागा पंचायतीची, पण तिथं उपसरपंचांचे रिकामे कॅरेट वर्षानुवर्षं रचलेले. सरपंचबाईंनी कॅरेट उचलायला सांगितले आणि तिथं बायांसाठी मुतारी बांधायची म्हणून विषय घेतला. उपसरपंच म्हणजे यांचे मोठे चुलतभाऊ, तरी मला वहिनीच म्हणतात. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. ते त्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "बघू."

सरपंच बाई असेल तर तिला काढायला तीन चतुर्थांश मतं लागतात. आमच्या पंचायतीत म्हणजे सात. उपसरपंचांकडे बरोबर सात होती. चार पुरुष आणि आम्ही तिघी. एकही फुटून चालणार नव्हतं, म्हणून आम्हाला सहलीला न्यायचं ठरलं.

साक्रीच्या पुढे उपसरपंचांच्या साडूचं फार्महाऊस होतं. सकाळी दोन गाड्या निघाल्या, आमचे नवरेही बरोबर होते. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, धुळं गेलं. केळीच्या बागा मागे राहिल्या आणि कोरडी शेतं लागली. गाडीत गाणी चालू होती. पुरुष मजेत होते. धुळ्याला नाश्त्याला थांबलो तेव्हा उपसरपंच एक पिशवी घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फोन टाका यात. तिकडं रेंज नाही, हरवतील उगीच."

तिकडं रेंज होती. त्यांचा स्वतःचा फोन सारखा वाजत होता.

माझ्या मुलीला आम्ही निघालो तेव्हा ताप होता. दुसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, मला घरी बोलायचंय. यांनी जाऊन विचारलं. माझ्या मुलीशी बोलायला माझ्या नवऱ्याला दुसऱ्याची परवानगी घ्यावी लागली, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. उपसरपंचांनी त्यांचाच फोन दिला आणि म्हणाले, "स्पीकरवर बोल, वहिनी. आम्हालाही कळू दे पोरगी कशी आहे." मुलीने विचारलं, "आई, तू कधी येशील?" मी चार पुरुषांच्या मध्ये उभी राहून म्हटलं, "येते, औषध घे."

फार्महाऊसला तारेचं कुंपण होतं. फाटकाशी दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर आलटूनपालटून बसत. एकदा आम्ही तिघी सहज त्या बाजूला चालत गेलो, तर ड्रायव्हर उभा राहिला. "कुठं जाता, ताई?" नम्रपणे विचारलं त्याने, पण फाटकाची कडी हातात धरून. आम्ही मागे फिरलो. स्वयंपाकाला तिथलीच एक बाई होती. तिने ते पाहिलं असावं. आम्ही ओट्यापाशी आलो तशी म्हणाली, "चाला माय, बठ्ठा जेवाले बसा." आणि सगळ्यांना बसवून आमच्या ताटात न मागता जास्तीचं तूप वाढलं.

आम्ही तिघी म्हणजे मी, एक बी.ए. झालेली तरुण सून आणि एक मजूर बाई. सून दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आली होती. मजूर बाई माझ्याहून वयाने मोठी. ती स्वतः केळी भरायला जायची, आणि तिचा नवरा उपसरपंचांच्या शेतात वर्षाच्या बोलीवर सालदार होता. तीन वर्षं आम्ही एका सतरंजीवर बसलो होतो, पण एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. तिथं हाताला काम नव्हतं. दुपारी पुरुष पत्ते खेळायला बसले की आम्ही पाण्याच्या टाकीपाशी कपडे धुवायला जायचो. कपडे थोडे आणि आमचा वेळ फार.

तिथं मजूर बाईने एकदा सांगितलं, "मी सकाळपासून पाणीच नही पीत वं. प्यायलं तं जावं लागतं. जावं कुठी? गाड्याच्या आडोशाला गेलं तं ड्रायव्हर उभे. संध्याकाळी घरी गेली की तांब्याच तोंडाला लावते."

"उन्हाळ्यातसुद्धा?" सुनेने विचारलं.

"उन्हाळ्यातच तं काम जास्त असतं."

आमच्या बागेतली केळीसुद्धा त्याच बाया भरत होत्या. मी त्यांना चहा पाठवायची. कुणी चहा अर्धा ठेवला तर मला वाटायचं, आवडला नसेल.

मग मीच विचारलं, "मग ठरावाला तुम्ही हात वर करणार?"

सून पोराच्या अंगावर पाणी ओतत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "काकू, मला नाही जमणार. हे मला माहेरी पाठवून देतील. पोर ठेवून घेतील." मजूर बाईने आमच्याकडे पाहिलंच नाही. पिळलेला कपडा तिने पुन्हा पिळला. मीही स्वतःचं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तोवर माझंही ठरलं नव्हतं. शिवाय भीती होतीच. कोण कुणाच्या तोंडून काय काढून घेईल, काय सांगावं?

शेवटच्या दिवशी संध्याकाळी उपसरपंचांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. पहाटे इथून निघून सरळ पंचायतीत जायचं, घरी जायचं नाही, असं सांगितलं. मग आमच्याकडे वळले.

"तहसीलदार विचारतील, ठरावाच्या बाजूने कोण? तेव्हा हात वर करायचा. कळलं?"

आम्ही माना हलवल्या.

"तसं नाही. करून दाखवा."

आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. पण ते थांबून राहिले. आमचे नवरे समोर बसले होते. सुनेने पोराला खाली ठेवून हात वर केला. मग मजूर बाईने. मग मी. "अजून वर," ते मला म्हणाले. "साहेबांना दिसला पाहिजे." कुणीतरी हसलं. मी यांच्याकडे पाहिलं. हेही हसत होते. वाईट मनाने नव्हे. सगळे हसले म्हणून तेही हसले. मी हात अजून वर केला. माझी मुलगी पहिलीत असताना मास्तर असा हात वर करायला लावायचे.

पाठ भिंतीला लावून मी त्या रात्री पडले ती तशीच पडून राहिले.

सकाळी गावात शिरलो तेव्हा पंचायतीसमोर गर्दी होती. दोन पोलीस होते. पलीकडे रस्त्याच्या कडेला मजूर बाया उभ्या होत्या, गाडी भरायला न जाता. त्यांना कुणी बोलावलं होतं की त्या आपणहून आल्या होत्या, मला आजही माहीत नाही. आमच्या गाड्यांभोवती पुरुषांनी कडं केलं आणि आम्हाला तसंच आत नेलं. नवऱ्यांना मात्र तहसीलदारांनी बाहेर काढलं. "फक्त सदस्य," ते म्हणाले. पहिल्यांदाच आम्ही तिघी खुर्च्यांवर बसलो, कारण खुर्च्या रिकाम्या होत्या.

हे बाहेर जाऊन खिडकीशी उभे राहिले. गज धरून.

सरपंचबाई समोर बसल्या होत्या. त्यांच्या बाजूने एकच सदस्य, एक म्हाताऱ्या अक्का. तहसीलदारांनी ठराव वाचला. कारभारात मनमानी, सदस्यांना विश्वासात न घेणं, असं काहीबाही. मग म्हणाले, "सरपंचांना काही बोलायचंय?"

सरपंचबाई उभ्या राहिल्या. काहीतरी लिहून आणलं असावं असं वाटलं होतं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. "मनमानी म्हणता, तर ती एकच केली," त्या म्हणाल्या. "मी उठले नाही." आणि बसल्या. मला त्या क्षणी त्यांची कीव आली नाही. हेवा वाटला.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

चार पुरुषांचे हात लगेच वर गेले. माझ्या डाव्या बाजूला मजूर बाई होती. तिचा हात वर गेला. पाण्याचं तिनेच सांगितलं होतं, पण तिच्या नवऱ्याचं साल कुणाकडे होतं तेही मला ठाऊक होतं. मग सुनेचा हात गेला. सहा.

माझे हात मांडीवर होते. उजवा हात मी डाव्याने धरून ठेवला होता, हे मला नंतर कळलं, बोटांचे वळ दिसले तेव्हा.

"वहिनी," उपसरपंच दबक्या आवाजात म्हणाले.

मी समोर पाहत राहिले.

"वहिनी, हात."

खिडकीतून यांचा आवाज आला. "अगं, हात वर कर! काय करतेस?" मग माझं नाव घेऊन ओरडले. चारचौघांत यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती. तहसीलदार रागावले. "त्यांना बाजूला करा," असं म्हणाले. पोलीस खिडकीकडे गेला. त्या गोंधळात माझा पदर घसरला. उपसरपंच समोर होते. मी पदर सावरायला हात उचलला असता, तर तहसीलदारांनी तो मोजलाच असता. म्हणून मी पदर तसाच राहू दिला.

"पुन्हा मोजतो," तहसीलदार म्हणाले. "हात वरच ठेवा."

ते मोजत आमच्याकडे आले, तेव्हा सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात कोपरात वाकला, गालापर्यंत आला आणि खाली गेला. ती रडायला लागली. आता पाचच हात होते.

ठराव फेटाळला असं साहेबांनी जाहीर केलं. बाहेर मजूर बायांनी टाळ्या वाजवल्या असतील असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. त्या बातमी ऐकून कामावर गेल्या. अर्धा दिवस बुडालाच होता. सरपंचबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं मत मी धरलंच नव्हतं." आभार मानले नाहीत. मला ते बरंच वाटलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. हे मळ्यातल्या खोलीवर राहायला गेले. डबा मी मुलीच्या हाती पाठवायची. तो रिकामा परत यायचा, एवढाच आमचा संबंध. चुलतभावांनी सामाईक विहिरीची मोटार बंद केली आणि आमची बाग भर उन्हात सुकायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "तुला काय पडलं होतं त्या बाईचं?" सुनेला खरंच माहेरी पाठवलं. मात्र पोर ती घेऊनच गेली, कारण जाताना ती त्याला खाली ठेवायलाच तयार झाली नाही. उन्हाळा संपता संपता तिचा सासरा जाऊन तिला परत घेऊन आला. मुतारी झाली, पण स्टँडपासून लांब, शाळेच्या मागे. बायांना तिथवर जायला वेळ लागतो. तरी त्या जातात. मजूर बाई रस्त्यात दिसली की मान खाली घालायची. एकदा मीच तिचा हात धरून म्हटलं, "अवं, बोल तरी." त्यानंतर बोलायला लागली.

यांचं बोलणं सुरू व्हायला पाऊस यावा लागला. मळ्यातली खोली गळायला लागली आणि हे घरी आले. मी ताट वाढलं. पहिल्या घासाला ते थांबले आणि म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला आत जाऊ दिलं असतं?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं, मीही मान्य केलं असतं.

"नाही," ते म्हणाले. आणि जेवायला लागले.