आत्याचं वेगळं ताट

आमच्या घरात माणसं सहा आणि ताटं तीन. बापूंचं एक, आम्हा तिघा भावंडांचं एक. माय तव्यातच खायची. तिसरं, जर्मनचं, एकट्या आत्याचं. मानाचं नव्हे. तिच्या अंगावर पित्त उठायचं म्हणून ते वेगळं. मेंढरांमागं दिवस काढणाऱ्या घरातली ही एवढीच श्रीमंती, आणि तीच आत्याला नको होती.

या पित्तापायीच सासरच्यांनी तिला माहेरी, आमच्या पिशोर गावाला, आणून सोडलं. लाल गांधी उठायच्या, काही वेळानं विरायच्या; 'रोग लागंल' ही लोकांची भीती मात्र विरत नसे. आत्या म्हणायची, "खाजवलं की वाढतंय, अन् लपवलं की लई वाढतंय."

पित्त उठलं की खरबरीत घोंगडी पांघरून बसायचं, ही गावाची रीत. चांगली काळी घोंगडी आमच्याकडंच. आत्याच्या हातचं पाणी न पिणाऱ्या बायाही ती मागायला परसदारानं यायच्या. पदराआड न्यायच्या, पदराआड आणून द्यायच्या. कोण आलं होतं विचारलं, तर आत्या म्हणायची, "लोकर हाय ती. चुगली करत नाय."

मी मॅट्रिक झाले. मला औरंगाबादच्या कॉलेजात जायचं होतं. त्याच उन्हाळ्यात माझ्या दंडावर गांधी उठल्या आणि बापू हादरले. "अक्काचं हिला लागलं. बोभाटा व्हायच्या आत उजवून टाकू." पाहुणे यायचं ठरलं. त्या सकाळी आत्याला परसातल्या मेंढरांच्या वाडग्यात, कुंपणाआड बसवलं. बाहेर यायचं नाही, असं बजावून.

मी पाटावर बसले. शेजारच्या बाया भिंतीला टेकून, पाटलीणबाई मानानं पुढं. एवढ्यात कानामागं चरचरलं. खाजवायची सोय नव्हती. मी मुठी आवळल्या. गांधी गळ्यावर उतरत होत्या, मला कळत होतं. मुलाची आई पुढं झाली. तिनं माझा पदर सरकवला.

"हे काय व्हय?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "पित्त हाय. मलाबी हाय." आत्या उभी होती, खांद्यावर घोंगडी.

"अगं बया! म्हंजी घरातच रोग!" मुलाची आई मागं सरली.

"अक्का, आत जा!" बापू ओरडले.

आत्या हलली नाही. तिनं घोंगडी बैठकीत मधोमध टाकली. "ही गावात कोणाकोणाच्या अंगावर गेली, हिलाच इचारा. मी नाव घ्यायची नाय."

बाया जमिनीकडं बघू लागल्या. आत्याच्याही गळ्यावर गांधी फुलत होत्या. तिनं एक नाव घेतलं असतं तर सुटली असती. घेतलं नाही. शेवटी पाटलीणबाईंनी घोंगडी ओढून मांडीवर घेतली.

"माझ्या अंगावर गेली," त्या म्हणाल्या. "लई बारी."

मागून कोणी म्हणालं, "माझ्याबी." मग आणखी एक.

पाहुणे चहा न घेता उठले. बापू डोकं धरून बसले. आत्या म्हणाली, "मोडली ना सोयरीक? बरं झालं. आता पोरीला शिकू दे. पर आधी दवाखाना."

औरंगाबादला उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी मला आणि आत्याला तपासलं, मग बापूंना समोर बसवलं. "हे कोणाला लागत नाही. जगभर आहे. पाचांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी उठतंच. महिनोन्‌महिने छळतं ते बायकांना जास्त."

"लागत नाय?" बापूंनी पुन्हा विचारलं.

"नाही."

येताना औरंगपुऱ्यात बापू थांबले आणि मला कॉलेजसाठी चपला घेतल्या. वाटेत आत्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आत्याचं पित्त काही गेलं नाही. गोळीनं दबायचं, पुन्हा उठायचं. ती गेली तेव्हा घोंगडी पाटलीणबाईंनी मागून नेली. पुढच्या दारानं.

पण त्याआधी एक गोष्ट तिनं डोळ्यांनी पाहिली. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. त्या दिवशी बापू आत्याच्या ताटात जेवले.